न्हाणीघरातला लाल दिवा

अण्णासाहेब निरगुडकर कुणावर विश्वास ठेवत नसत, आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही. वाटायचं कशाला? चौतीस वर्षं त्यांनी दिल्लीत एका मंत्रालयाच्या दक्षता विभागात काढली होती. दुसऱ्याच्या फायलीत कुठे पाणी मुरतंय ते हुडकून काढायचं, हेच त्यांचं पोटापाण्याचं काम. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना दूधवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या अंडर सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना वचकून असत. निवृत्त झाल्यावर ते दिल्लीतल्याच द्वारकेला एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहायला आले. फायली सुटल्या, संशय मात्र बरोबर आला.

फायली नाहीत म्हटल्यावर हा गडी विजेच्या मागे लागला. वीज कुठून कशी गळते यावर अण्णासाहेबांचा अभ्यास दांडगा. टीव्ही रिमोटनं बंद केला म्हणजे बंद झाला, हे त्यांना मान्यच नव्हतं. "तो झोपेचं सोंग घेऊन वीज पितो," असं म्हणत ते उठायचे आणि भिंतीवरचं बटण खाली करायचे. फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेला. त्याच्या दारात कागदाची पट्टी अडकवून ती ओढून बघायची, सहज निघाली तर रबर गेलं म्हणून समजायचं. तूरडाळ तासभर भिजल्याशिवाय कुकर चढायचा नाही, आणि दोन शिट्ट्या झाल्या की कुकर जुन्या गोधडीत गुंडाळायचा. पुढचं काम डाळीनं आपल्या वाफेवर करावं. इस्त्री आठवड्यातून एकदा, सगळे कपडे एका दमात. आणि थंडीत हीटर? छे! बाहेर एवढं ऊन पडलेलं असताना घरात तारा तापवायच्या म्हणजे शुद्ध उधळपट्टी. सकाळी फिरून झालं की अण्णासाहेब सोसायटीच्या बागेत उन्हाला पाठ देऊन जे बसायचे, ते थेट साडेबाराला घरी यायचे.

खरं सांगायचं तर यातलं निम्मं शहाणपण त्यांच्या बायकोचं, कुमुदिनीबाईंचं. त्या जाऊन तीन वर्षं झाली होती. कुमुदिनीबाई सांगलीच्या. 'विझव' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नाही. देवापुढचा असो की विजेचा, दिवा विझवायचा नसतो, वाढवायचा असतो, हे त्यांच्या माहेरचं वळण. त्यांच्या घरी बांगडी फुटत नसे, वाढत असे. नारळ फोडत नसत, वाढवत असत. गीझरच्या बटणापाशी एक बारकासा लाल दिवा होता, त्यालाही हाच नियम. "साहेबांना नोकरीत लाल दिव्याची गाडी काही मिळाली नाही," असं म्हणून त्या खुसूखुसू हसायच्या, "म्हणून मीच न्हाणीघरात बसवून घेतला." आंघोळी आटोपल्या की त्यांची हाक यायची, "अहो, लाल दिवा वाढवलात का?" बाई गेल्या आणि ती हाक अण्णासाहेबांच्या तोंडी राहिली.

गेल्या ऑगस्टपासून त्यांची नात कृतिका त्यांच्याकडे राहायला आली होती. मुलगा इंद्रजित आणि सून स्वरूपा गुरुग्रामला विसाव्या मजल्यावर राहत. तिथून कृतिकाला कॉलेजला पोचायला दोन तास लागायचे, द्वारकेहून मेट्रोनं पाऊण तास. सोमवार ते शुक्रवार ती आजोबांकडे, शनिवार-रविवार आईबाबांकडे. पोरगी गोड, हाकेला ओ देणारी. मराठी तेवढी दिल्लीची. "आजोबा, चलो, मी निघते, लेट झालं यार!" असली.

नोव्हेंबरात गीझर सुरू झाला. तो होता कृतिकाच्या खोलीला लागून असलेल्या न्हाणीघरात, आणि आंघोळ सोडली तर अण्णासाहेब तिकडे फिरकत नसत. पहाटे आधी आजोबांची आंघोळ, मग नातीची. आजोबा मफलर गुंडाळून फिरायला निघताना दारातून सांगायचे, "कृतिका, तुझं झालं की लाल दिवा वाढव गं!"

आतून उत्तर यायचं, "हो आजोबा!"

आणि डिसेंबरचं बिल आलं. युनिट जवळजवळ दुप्पट!

बिल हल्ली इंद्रजितच्या फोनवर यायचं, त्यामुळे लपवायचीही सोय नव्हती. त्याचा लगेच फोन आला. "अण्णा, तुमच्याकडून काही चालू राहतंय का? दिवाळीत दूध करपलं, आता हे. उद्या गॅस राहिला म्हणजे?"

"दूध कुणाचंही करपतं," अण्णासाहेब फिस्कारले.

"बिल्कुल करपतं. तरी एक करू. जानेवारीतही असंच दिसलं, तर तो फ्लॅट बंद करायचा आणि तुम्ही इकडे यायचं. तुमची खोली तयार आहे. आणि एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ. नुसतं दाखवायला."

अण्णासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. गुरुग्रामच्या त्या विसाव्या मजल्यावर खिडकीसुद्धा पुरती उघडत नाही. पण खरी भीती खिडकीची नव्हतीच. त्यांचे थोरले भाऊ शेवटच्या वर्षात दार उघडायला यायचे आणि सख्ख्या बायकोला विचारायचे, "कोण पाहिजे आपल्याला?" तेव्हापासून अण्णासाहेब मनातून घाबरलेले होते, आणि हे त्यांनी कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. वीज खाणारा बाहेरचा निघाला तर देव पावला. तो बाहेरचा नसेल, तर तो आपल्याच कवटीत बसलाय, हे त्यांना कळत होतं.

म्हणून तपास सुरू झाला. पहिला संशय शेजारच्या फ्लॅटवर. अण्णासाहेबांनी घरचा मेन स्विच पाडला आणि खाली जाऊन मीटरपुढे दहा मिनिटं उभे राहिले. आकडा जागचा हलला नाही, म्हणजे तार कुणी जोडलेली नव्हती. मग भांडी घासायला येणारी क्षिप्रा. पण ती यायची संध्याकाळी पाचला आणि जायची त्यांच्या डोळ्यांदेखत. वॉचमन, केबलवाला, सगळ्यांना चाळून झालं. हाताला काही लागेना.

मग जानेवारीतल्या एका मंगळवारी, बागेतून परत आल्यावर, ते कृतिकाच्या न्हाणीघरात बादली आणायला गेले. त्यांनी नळ सोडला आणि "आई गं!" करत हात मागे घेतला. पाणी उकळत होतं. वर बघतात तर लाल दिवा ढणढणा पेटलेला. दुपारचा पाऊण वाजला होता.

दुसरा कुणी असता तर त्यानं संध्याकाळी नातीला सरळ विचारलं असतं, की बाई गं, हा चालू कसा राहिला? पण अण्णासाहेब दक्षता विभागातले. आपण काय शोधतोय ते समोरच्याला कळू द्यायचं नाही, हा तिथला पहिला धडा. ताकास तूर लागू न देता त्यांनी चहा पिता पिता विचारलं, "काय गं, सकाळी दिवा वाढवला होतास ना?"

"हो आजोबा," कृतिका म्हणाली. "फुल वाढवला!"

'फुल' ऐकून अण्णासाहेबांनी नाक मुरडलं, पण त्यांचं समाधान झालं. दुसरा धडा असा, की एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या वेळी विचारायचा. माणूस खोटं बोलत असेल तर तिसऱ्यांदा उत्तर बदलतं. त्यांनी जेवताना विचारलं, मग दुसऱ्या दिवशी ती बूट घालत असताना विचारलं. पोरीचं उत्तर बदललं नाही आणि नजरही हलली नाही. कृतिका सुटली.

बुधवारी त्यांनी सर्दीचं सोंग घेतलं आणि घरीच राहिले. नातीची आंघोळ झाल्याबरोबर जाऊन स्वतःच्या हातानं बटण खाली केलं आणि दिवसभर डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. काही घडलं नाही. गुरुवारी ते नेहमीसारखे सूचना देऊन बाहेर पडले. परत आले तर लाल दिवा चालू. शुक्रवारी पुन्हा पहारा, पुन्हा शांतता. सोमवारीही तेच. म्हणजे पाठ फिरवली की चोर हजर आणि पहारा दिला की चोर गायब!

आता मंगळवार आणि गुरुवारला या घरात काय होतं? अण्णासाहेबांनी डोकं चालवलं आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. मंगळवारी आणि गुरुवारी स्वरूपा येऊन जायची. एअरपोर्टजवळच्या ऑफिसात तिचे ते दोन दिवस असत. वाटेत थांबून ती सासऱ्यांसाठी भाजीचा डबा फ्रिजमध्ये ठेवायची. तिच्याकडे जादा किल्ली होती. आणि अण्णा इथून हलले तर ज्या घरी जातील, ते घर तिचं होतं. खोली तयार आहे म्हणे! कुणी तयार केली ती खोली? आधी बिल वाढवायचं, मग म्हाताऱ्याला विसराळू ठरवायचं आणि उचलून न्यायचं! अण्णासाहेबांना आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं आणि सुनेचा रागही आला.

पुढच्या मंगळवारी ते अकरालाच बागेतून उठले. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर समोर स्वरूपा. डबा ठेवून निघाली होती.

"अरे, अण्णा! आज लवकर?"

"थांब जरा इथेच," असं म्हणून ते तडक घरात गेले. न्हाणीघरात लाल दिवा पेटलेला होता. ते बटण खाली करून बाहेर आले आणि हात पुढे केला. "किल्ली दे."

"कसली?"

"या घरची. माझ्याकडे असू दे."

कारण त्यांनी सांगितलं नाही. पुरावा पूर्ण होईपर्यंत कारण सांगायचं नसतं. स्वरूपानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, पर्स उघडली, जुडग्यातून किल्ली सोडवायला तिला बराच वेळ लागला. मग ती त्यांच्या तळहातावर ठेवून म्हणाली, "मेथीची भाजी आहे. शनिवारी बाराला डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी अकराला न्यायला येईन, खालून हॉर्न देते. वर नाही येत."

तिचे डोळे भरून आले होते. अण्णासाहेबांनी ते बघितलं आणि मनात नोंद केली, की पकडलं गेलेलं माणूस असंच करतं. मेथीची भाजी त्यांनी दुपारी निम्मीच खाल्ली.

बुधवारी सकाळी स्वतःची आणि स्वरूपाची, दोन्ही किल्ल्या खिशात घालून ते निश्चिंतपणे बाहेर पडले; कृतिका जाताना दार नुसतं ओढून घ्यायची, की कुलूप आपोआप बसायचं. "लाल दिवा वाढव गं!" "हो आजोबा!" साडेबाराला कुलूप उघडून ते आत आले, सरळ न्हाणीघराशी गेले आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

लाल दिवा चालू होता.

कुलूप होतं तसं होतं. किल्ल्या खिशात होत्या. कृतिकानं दिवा वाढवला होता, तसं ती सांगतच होती. मग राहिलं कोण? अण्णासाहेब तिथेच स्टुलावर बसले. आपण सकाळी पुन्हा आत येऊन गीझर लावला आणि आपल्याला आठवत नाही? की आपण बाहेर पडलोच नव्हतो? त्यांनी जुन्या ऑफिसातल्या शिपायांची नावं आठवून बघितली. रामअवतार, गिरधारी, तिसरा तो सारखा पान खाणारा... तिसरं नाव काही केल्या येईना. घाबरून त्यांना रडू फुटलं. रिकाम्या घरात एकट्यानं बसून ते रडले आणि मग तोंड धुऊन डाळ भिजत घातली.

त्या दिवशी त्यांनी कृतिकाला काही विचारलं नाही. गुरुवारी संध्याकाळी ते तिला घेऊन सेक्टरच्या मार्केटमध्ये निघाले. तिथे इलेक्ट्रिकच्या सामानाचं एक जुनं दुकान होतं. बटणावर बसवायची झाकणाची पेटी मिळते का बघायचं, तिला कुलूप घालायचं आणि किल्ली नातीकडे द्यायची, असा त्यांचा बेत होता. स्वतःलाच स्वतःपासून कुलूप! पण शनिवारी डॉक्टरांपुढे जायच्या आधी जेवढं सावरता येईल तेवढं सावरायचं होतं.

पोचले तेव्हा दुकानदार लोखंडी शटर खाली ओढत होता. पुरानी दिल्लीचा म्हातारा माणूस, डोक्याला लोकरीची टोपी.

"भाईसाहब, एक मिनट," अण्णासाहेब म्हणाले.

"अब तो दुकान बढ़ा दी, बाबूजी," म्हातारा म्हणाला. "कल तशरीफ़ लाइए।"

कृतिका हळूच आजोबांच्या कानाशी लागली. "आजोबा, हे काय? दुकान वाढवली म्हणतायत आणि शटर तर बंद करतायत."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा अण्णासाहेबांना हसू आलं. "अगं वेडे, दुकान बंद केलं असं म्हणू नये, अशुभ असतं. म्हणून वाढवलं म्हणायचं. यांच्यातही तसंच म्हणतात. आपण नाही का, दिवा वाढव म्हणतो, म्हणजे..."

ते बोलता बोलता थांबले. कृतिकाचं तोंड उघडं राहिलं होतं.

"म्हणजे?" ती म्हणाली. "म्हणजे बंद कर?"

"तू काय करायचीस?" अण्णासाहेबांचा आवाज फाटला.

"वाढवायचे ना! पहिल्या दिवशी स्टुलावर चढून गीझरच्या खालचं ते गोल बटण लास्टपर्यंत फिरवलं. नंतर वाढवायला जागाच नव्हती, मग नुसतं चालू ठेवून जायचे. संध्याकाळी आल्यावर मीच बंद करायचे. मला वाटलं, तुम्हाला दुपारीपण गरम पाणी लागतं. बाकी सगळं इतकं वाचवता, मी म्हटलं, यासाठीच वाचवत असतील."

"अगं, मग मला विचारायचं नाही का?"

"तुम्हीच रोज विचारायचात, वाढवलास का, वाढवलास का! मी हो म्हटलं की खूश व्हायचात." आता तिलाच रडू यायला लागलं. "सॉरी, आजोबा."

"सॉरी?" भर मार्केटमध्ये अण्णासाहेबांनी नातीला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुकानदार शटरला कुलूप लावता लावता बघत राहिला. "पोरी, तू मला परत आणलंस गं!" आणि त्याच क्षणी त्यांना तिसऱ्या शिपायाचं नाव आठवलं. बदलूराम. ते त्यांनी मोठ्यानं म्हणून टाकलं, कृतिकाला काही कळलं नाही.

शनिवारी अकराला खालून हॉर्न वाजला. अण्णासाहेब तयार होते. आईला हे मीच सांगणार, असं त्यांनी कृतिकाला बजावून ठेवलं होतं. लिफ्टची वाटही न बघता ते चार जिने उतरून गाडीपाशी गेले. "वर चल," ते स्वरूपाला म्हणाले. "चहा ठेवलाय."

"उशीर होईल, अण्णा."

"होऊ दे. चोर सापडलाय."

ती वर आली, पण खुर्चीच्या कडेवर बसली, कुणा परक्याकडे बसावं तशी. अण्णासाहेबांनी सगळं सांगितलं. मीटर, पहारा, मंगळवार, गुरुवार, आणि तिच्याबद्दल काय काय वाटलं होतं तेही गाळलं नाही. 'फुल वाढवला'पाशी स्वरूपाला जे हसू फुटलं, ते थांबेचना. पदर नव्हता म्हणून तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"तुझ्या सासूबाई गेल्या आणि तो शब्द गेला," अण्णासाहेब म्हणाले. "आता तो कळणारा मी एकटा उरलो. पोरीचा काय दोष?"

"एकटे?" स्वरूपा म्हणाली. "अण्णा, माझी आजी वाईची. तिच्याकडे मी वाढले. आमच्या घरात दुसरा शब्दच नव्हता. कृतिकाला काय सांगून जाता, एवढं मला नुसतं बोलला असतात, तर पहिल्याच मंगळवारी मी सांगितलं असतं, तिला काय कळतंय ते. तुम्ही किल्ली मागितलीत."

चौतीस वर्षं माणसं पारखली आणि ज्या एका माणसाला आपली भाषा कळत होती, त्यालाच अण्णासाहेबांनी दाराबाहेर उभं केलं होतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. "चुकलो मी, स्वरूपा," ते म्हणाले. सुनेपुढे असं बोलण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

तिनं किल्ली घेतली, जुडग्यात अडकवली आणि फोन काढून डॉक्टरांची वेळ रद्द केली. "इंद्रजितला मी सांगते काय ते. तुम्ही कुठेही जाणार नाही आहात," ती म्हणाली आणि कप विसळायला उठली. पाणी गार लागलं म्हणून तिनं न्हाणीघरात जाऊन गीझर लावला, तिथल्याच गरम पाण्यानं कप आणि गाळणं धुतलं, हात पुसले. अण्णासाहेब बाहेर खुर्चीत बसून होते.

"अण्णा," आतून आवाज आला, "लाल दिवा वाढवते हं!"

सवयीनं अण्णासाहेब बघायला म्हणून अर्धवट उठले. आणि मग परत खाली बसले.